ठरलेली कुस्ती, खरे रक्त

१९९९ सालच्या उन्हाळ्यात काही घरगुती कामासाठी मला यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड येथे आठवडाभर मुक्काम करावा लागला. ज्या स्नेह्यांकडे मी उतरलो होतो, त्यांचे वडील ऐंशीच्या घरातले, एके काळचे पैलवान. देह आता थकला होता. परंतु मातीत घासून घट्ट झालेले त्यांचे कान पाहिले की जाणत्या माणसास त्यांचा पूर्वेतिहास निराळा सांगावा लागत नसे. दिवेलागण झाली की त्यांचे दोघे नातू दूरचित्रवाणीपुढे ठाण मांडून बसत, आणि म्हातारबाबाही काठी टेकीत येऊन मागच्या खाटेवर बसत.

एके रात्री पडद्यावर अमेरिकेतील कुस्तीचा खेळ चालू होता. दोरांनी वेढलेला उंच चौथरा, भोवती हजारो माणसे, आणि मधोमध दोन धिप्पाड पुरुष. एकाने घडीची लोखंडी खुर्ची उचलून दुसऱ्याच्या मस्तकावर हाणली. तो कोसळला आणि उठला तेव्हा त्याच्या कपाळावरून रक्ताचे ओघळ येत होते. मुले आनंदाने ओरडली. आजोबा मात्र स्वस्थ होते.

"आबाजी, पाहा ना, रगत खरं हाय!" थोरला नातू म्हणाला.

"रगत खरं हाय रे बाप्पा," आजोबा म्हणाले, "पन कुस्ती खोटी हाय. पडनाऱ्याले पयलेच मालूम हाय का आपल्याले पडा लागते."

धाकटा क्षणभर विचारात पडला आणि म्हणाला, "कुस्ती खोटी हाय, त मंग रगत कायले काढते?"

या प्रश्नास आजोबांनी उत्तर दिले नाही. मलाही त्या वेळी ते देता आले नाही. निकाल जर आधीच ठरलेला आहे, तर मनुष्याने आपले खरे रक्त का सांडावे? आज मी आपणांपुढे जे बोलणार आहे, ते त्या मुलाच्या प्रश्नाचे उशिरा सुचलेले उत्तर आहे, असे समजावे.

प्रथम आजोबांची कुस्ती कोणती, ते पाहू. उमरखेड हे पैनगंगेच्या खोऱ्यातील गाव. १९०५ साली वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेररचना झाली, तेव्हा पुसद तालुक्याबरोबर हा मुलूख यवतमाळ जिल्ह्यात आला. नदीच्या पलीकडे १९४८ पर्यंत निजामाचे राज्य होते. दोन राज्यांच्या सीमेवरच्या अशा मुलखात मल्लविद्येला हद्दी नसतात. यात्रेच्या किंवा सणाच्या निमित्ताने दंगल भरली की ऐलतीराचा पैलवान आणि पैलतीराचा पैलवान एकाच मातीत उतरत.

या दंगलीची रीत ठरलेली असे. नांगरून, दगडगोटे वेचून मऊ केलेली जमीन. भोवती गोल करून बसलेला गाव. आणि एका अंगास डफड्याचा ताल. आरंभी लहान मुलांच्या जोडी लागत. त्यांचे इनाम म्हणजे रेवड्या, फार तर एखादा नारळ. मग हळूहळू इनामाचा आकडा चढत जाई, आणि मावळतीच्या सुमारास मोठ्या जोडीचे पैलवान शड्डू ठोकीत आत येत. वजनाचा काटा नव्हता; पंच नजरेनेच जोड ठरवीत. घड्याळ नव्हते, सूर्य हेच घड्याळ. ज्याची पाठ मातीला लागली तो चीत. जो जिंकला तो फेटा हाती धरून कड्याभोवती फेरी मारी आणि लोक त्यात आपापल्या ऐपतीप्रमाणे नाणी टाकीत. या सर्व व्यवहाराचा प्राण एका शब्दात होता. तो शब्द म्हणजे 'निकाली'. कुस्ती निकाली झाली पाहिजे, म्हणजे कोणीतरी खरोखर पडले पाहिजे.

तिथे लबाडी नव्हती असे मात्र कोणी समजू नये. दोन पैलवानांनी संगनमत करून वेळ काढायचा, बरोबरीत सुटायचे आणि इनाम वाटून घ्यायचे, हा प्रकार पूर्वीही होता, आजही आहे. त्यास 'नुरा कुस्ती' हे नावच पडले आहे. परंतु तिथे ती फसवणूक म्हणूनच ओळखली जाई. कड्यावरचा एखादा जुना वस्ताद दोन डाव पाहताच ओळखी, लोक हुर्यो करीत आणि पंच दोघांनाही मैदानाबाहेर काढीत. पाहणाऱ्यांपैकी पुष्कळांनी स्वतः माती खाल्लेली असल्यामुळे त्यांना फसविणे सोपे नव्हते.

मल्लविद्येचे आपणांकडील नाते फार जुने आहे. कल्याणीच्या चालुक्य वंशातील राजा सोमेश्वर तिसरा याने १२ व्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात मल्लांच्या श्रेणी, त्यांचा आहार, त्यांचा सराव यांचे वर्णन आहे. मौज अशी की हे प्रकरण युद्धकलेत नसून राजाच्या विनोदांत, म्हणजे करमणुकीच्या प्रकारांत येते. त्याचे नावच 'मल्लविनोद'. तेव्हा कुस्ती ही करमणूक आहे हा शोध काही अमेरिकेने लावलेला नव्हे. पुढे आधुनिक काळात शाहू महाराजांच्या आश्रयाने १९१२ साली कोल्हापुरात खासबागेचे विशाल मैदान उभे राहिले, आणि आमच्या वऱ्हाडात १९१४ साली अमरावतीस वैद्य बंधूंनी हनुमान व्यायामशाळेचा पाया घातला. करमणूक आणि सत्य यांची ही सोयरीक आपणांकडे शतकानुशतके नांदली. ती तुटली कोठे आणि का, हा खरा प्रश्न आहे.

ती तुटली प्रथम पश्चिमेकडे, आणि कारण घडले खरेपणाचा कंटाळा. दोन तुल्यबळ मल्ल खरोखरच झुंजू लागले म्हणजे कित्येकदा काहीच घडत नाही. एक दुसऱ्याला जखडून धरतो, दुसरा सुटण्याची वाट पाहतो आणि घटका उलटत जातात. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये आपला गामा आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को यांची कुस्ती झाली. गामाचे बळ ओळखून झिबिस्को जमिनीला असा चिकटून बसला की अडीच तासांहून अधिक वेळ झाला तरी निकाल लागेना. आठवड्याने पुन्हा गाठ ठरली, तेव्हा झिबिस्को आलाच नाही. १९१६ साली अमेरिकेतील ओमाहा शहरात जो स्टेकर आणि एड लुइस हे दोघे सुमारे पाच तास झुंजले आणि अखेरीस बरोबरीत सुटले. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाची काय अवस्था झाली असेल, त्याची कल्पना करावी. आमच्या दंगलीतला शेतकरी मावळतीपर्यंत बसू शके, कारण त्या दिवशी त्याला दुसरे काम नसे. शहरातल्या प्रेक्षकाला घरी जाण्याची शेवटची गाडी गाठावयाची होती.

या अडचणीवर १९२० नंतरच्या दशकात तिघांनी तोडगा काढला. हाच एड लुइस, त्याचा व्यवस्थापक बिली सँडो आणि जोसेफ माँट नावाचा त्यांचा कल्पक सहकारी. त्यांनी कुस्तीला वेळेची मर्यादा घातली, उचलून आपटण्याचे नेत्रदीपक डाव वाढविले, एकच मल्लसंच गावोगाव फिरविला आणि कोणी केव्हा जिंकावे हे आपल्या हाती ठेवले. नाटक कंपनी जसा खेळ बसवते तसा हा खेळ बसविला जाऊ लागला. भेद एवढाच की नाटक कंपनी आपल्या खेळाला नाटक म्हणते, आणि या मंडळींनी मात्र आपल्या खेळाला कुस्तीच म्हणावयाचे ठरविले.

ठरलेल्या कुस्तीतही खरी कुस्ती कशी दबा धरून बसलेली असते, याचे एक मासलेवाईक उदाहरण आहे. या मंडळींनी १९२५ च्या आरंभी वेन मन या धिप्पाड फुटबॉल खेळाडूला जगज्जेता करून टाकले. त्याला कुस्ती फारशी येत नव्हती. पण तो तिकिटे खपवी. १५ एप्रिल १९२५ रोजी फिलाडेल्फिया शहरात त्याची गाठ ठेवली होती त्याच झिबिस्कोशी. झिबिस्कोने हरावयाचे असा ठराव होता. परंतु तो आतून प्रतिपक्षाला मिळालेला होता, आणि त्या रात्री तो खरोखरच कुस्ती खेळला! बिचाऱ्या मनचे काय होणार? त्याला पुनःपुन्हा चीत करून झिबिस्कोने जगज्जेतेपद हिरावून घेतले. ठरलेल्या खेळात सत्य शिरले ते असे दगलबाजीच्या वाटेने.

आणि हाच झिबिस्को पन्नाशीकडे झुकलेला असताना, जानेवारी १९२८ मध्ये पतियाळास आला. महाराजांच्या आश्रयाखाली हजारो लोकांच्या साक्षीने मातीच्या आखाड्यात गामाशी त्याची पुन्हा गाठ पडली. लंडनला अडीच तासांत न लागलेला निकाल येथे एका मिनिटाच्या आत लागला. झिबिस्को चीत झाला. एकाच मल्लाच्या आयुष्यातील हे दोन प्रसंग शेजारी ठेवले म्हणजे दोन जगांतील अंतर स्पष्ट दिसते. फिलाडेल्फियात त्याने खरे खेळून करार मोडला. पतियाळात खरे खेळणे हाच करार होता.

आता आपण मुंबईकडे वळू. स्वातंत्र्यानंतरच्या वीस वर्षांत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये जे 'फ्री-स्टाइल'चे खेळ होत, त्यांची आठवण आजही जुन्या मुंबईकरांच्या घरांत निघते. ब्राशोव्ह येथे जन्मलेला अवाढव्य देहाचा एमिल चाया, ज्याला जग किंगकाँग म्हणून ओळखी, तो त्यातला खलनायक. आणि अमृतसर जिल्ह्यातील धर्मूचक गावचा दारासिंग हा नायक. दिव्यांच्या झगझगाटात दोर ओलांडून किंगकाँग चौथऱ्यावर चढे आणि लोकांना मुठी दाखवी. मग तो सर्व नियम मोडी, पंचालाही जुमानीत नसे. दारासिंग बराच वेळ सोशी आणि अखेरीस त्या पर्वताला उचलून आपटी. दशावतारात संकासुराचे पुढे काय होणार हे ठाऊक असूनही ज्या उत्कंठेने आपण पाहतो, तीच ही उत्कंठा.

या खेळांत ठरलेले किती आणि खरे किती, याची चर्चा त्या वेळच्या बैठकींतूनही रंगत असे. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. दारासिंग हा आधी मातीतला मल्ल होता आणि मग चौथऱ्यावरचा. देशी दंगलींत त्याने खऱ्या कुस्त्या मारल्या होत्या. १९५४ साली तो रुस्तुम-ए-हिंद झाला. म्हणून लोकांनी त्याच्या चौथऱ्यावरील विजयांवरही विश्वास ठेवला. २९ मे १९६८ रोजी मुंबईत त्याची गाठ अमेरिकेच्या लू थेझ याच्याशी पडली. थेझ त्या वेळी ५२ वर्षांचा होता. तरी अस्सल कुस्तीतील त्याच्या अधिकाराविषयी त्याच्या प्रतिस्पर्ध्यांनाही शंका नव्हती. दारासिंग जिंकला आणि जगज्जेता म्हणून त्याचा जयजयकार झाला. तिकडे जगज्जेते एकाच वेळी अनेक असत, कारण प्रत्येक संस्था आपापला नेमी. तेव्हा त्या पदवीचे वजन बेताबेतानेच धरावे. परंतु दारासिंग हा खराखुरा तयारीचा मल्ल आहे आणि त्याच्यापुढे पडण्यात कमीपणा नाही, असा अभिप्राय थेझने पुढे दिला. मातीत मिळविलेली पत चौथऱ्यावर वटविता येते, ती अशी.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने वैयक्तिक स्पर्धेत मिळविलेले ते पहिले पदक. परदेशी जाण्याच्या खर्चासाठी त्यांना दारोदार हिंडावे लागले होते. त्यांच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी स्वतःचे घर गहाण टाकून पैसे उभे केले. परत आल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली आणि पुढे ते पोलीस खात्यातील नोकरीत आयुष्य कंठीत राहिले. खऱ्या निकालाला बैलगाड्या मिळाल्या, ठरलेल्या निकालाला तिकीटविक्री मिळाली. हे कटू असले तरी इतिहासाचे म्हणणे आहे.

श्रोते हो, आता आपण मुलाच्या प्रश्नाच्या जवळ येत आहो. दारासिंगाच्या पिढीजवळ मातीची पत होती. ती पिढी संपल्यावर काय झाले? अमेरिकेत दूरचित्रवाणीने कुस्तीगिरांचे दिव्य नट बनविले. अनेकांनी खरी कुस्ती कधी खेळलेलीच नव्हती. शेवटी फेब्रुवारी १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे त्या व्यवसायातील सर्वांत मोठ्या कंपनीने स्वतःच कबूल केले की हा खेळ खरी स्पर्धा नसून करमणूक आहे. ही कबुली सत्यप्रेमापोटी नव्हती; क्रीडा-नियंत्रणाचे नियम आणि कर टाळावयाचे होते. परंतु एकदा सावकाराने चावडीवर उभे राहून आपली हुंडी खोटी आहे असे सांगितले म्हणजे पुढे ती कोण घेणार?

ज्या काळास तिकडे 'हार्डकोअर' कुस्तीचा काळ म्हणतात, तो यानंतर भरास आला. त्याच १९८९ साली जपानमध्ये अत्सुशी ओनिता याने एक नवी कंपनी काढली आणि पुढे दोरांच्या जागी काटेरी तार लावून कुस्त्या खेळविल्या. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या दक्षिण भागात जुन्या गोदामासारख्या एका सभागृहात, जेथे एरवी आकड्यांचा बिंगो खेळ चाले, तेथे 'एक्स्ट्रीम चँपियनशिप रेसलिंग' नावाच्या एका छोट्या कंपनीने आपला तळ ठोकला. ज्या शहरात झिबिस्कोने १९२५ साली खरी कुस्ती खेळून सर्वांना चकविले होते, तेच हे शहर. या नव्या मंडळींजवळ मातीची पत नव्हती, श्रीमंत कंपनीचे द्रव्यबळ नव्हते. त्यांच्याजवळ तारण ठेवण्याजोगी एकच वस्तू होती, ती म्हणजे स्वतःचा देह.

१३ एप्रिल १९९७ च्या रात्री या कंपनीने आपला पहिला मोठा खेळ त्या सभागृहातून दूरचित्रवाणीवर घरोघर शुल्क घेऊन दाखविला. सुमारे बाराशे माणसे दाटीवाटीने बसली होती. ही सामान्य प्रेक्षकमंडळी नव्हती. मल्लांच्या हाती देण्यासाठी घरून तवे, कढया आणि लाकडी फळकुटे आणणारे हे लोक. खेळात कोणी चुकला तर त्याची भर सभेत खिल्ली उडविणारे, आणि कोणी जिवावर उदार होऊन उडी घेतली तर कंपनीच्या नावाची तीन अक्षरे एका सुरात गर्जणारे. निकाल ठरलेला आहे हे त्यांतील प्रत्येकाला ठाऊक होते. त्या रात्री जपानहून आलेल्या सहा मल्लांनी काटेरी तारेवाचून, केवळ चापल्याच्या जोरावर त्या सभागृहाला डोक्यावर घेतले. म्हणजे कौशल्याची चाड त्या समुदायाला नव्हती असे नाही.

शेवटच्या कुस्तीचा नायक होता टेरी फंक. वय ५२, मुंबईस आलेल्या थेझचे जे वय होते तेच. गुडघे कधीच निकामी झालेले. एकाच रात्रीत त्याला आधी दोघांशी एकदम आणि मग विजेतेपद धारण करणाऱ्या रेव्हनशी झुंजावयाचे होते. त्याचे कपाळ फुटले, चेहरा रक्ताने माखला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तरीही अखेर त्याने रेव्हनला खाली धरून पंचाकडून तीन अंक मोजवून घेतले. लोक रडले. प्रक्षेपण संपते न संपते तोच विजेचा भार असह्य होऊन सभागृह अंधारात बुडाले, असे त्या रात्रीविषयी सांगतात.

आता मुलाचा प्रश्न पुन्हा विचारू. कुस्ती खोटी आहे, तर रक्त कशाला काढतात? कारण कुस्ती खोटी आहे हे सर्वांना कळले आहे, म्हणून. ज्या साक्षीदाराच्या शब्दावर कोणाचा विश्वास उरत नाही, त्याला शपथ घ्यावी लागते. निकालाची साक्ष खोटी ठरली, तेव्हा या व्यवसायाने रक्ताची शपथ घेतली. कपाळावर लपविलेल्या पात्याची चीर मारण्याची युक्ती जुनीच होती. परंतु जी पूर्वी खेळाची फोडणी होती, ती आता मुख्य अन्न झाली. आणि शपथेचा नियमच असा आहे की एकदा घेतली म्हणजे पुढच्या वेळी तिच्याहून मोठी घ्यावी लागते. आज खुर्ची, उद्या काटेरी तार, परवा जळते मेज.

ही चढती भाजणी कोठे जाऊन पोचली? नोव्हेंबर १९९६ मध्ये याच फिलाडेल्फियाच्या कंपनीच्या मॅसॅच्युसेट्समधील एका खेळात अवघ्या सतरा वर्षांच्या एका पोराने वय खोटे सांगून चौथऱ्यावर पाऊल ठेवले. त्याचे कपाळ इतके खोल कापले गेले की रक्ताच्या धारा लागल्या, आणि पुढे ते प्रकरण न्यायालयात गेले. जून १९९८ मध्ये पिट्सबर्ग येथे मिक फोली हा मल्ल पिंजऱ्याच्या छतावरून सुमारे १६ फूट खाली मेजावर फेकला गेला; तो पुन्हा वर चढला आणि छताची जाळी तुटून दुसऱ्यांदा चौथऱ्यावर कोसळला. पहिली पडझड ठरलेली होती. दुसरी तशी ठरलेली नव्हती. पाहणाऱ्यांना दोहोंतील भेद कळला नाही.

आणि मग २३ मे १९९९. मी उमरखेडास होतो त्याच उन्हाळ्यातील ही गोष्ट. कॅन्सस सिटी येथे सर्वांत मोठ्या कंपनीच्या खेळात ओवेन हार्ट या ३४ वर्षांच्या मल्लाला छतावरून दोराने खाली उतरावयाचे होते. बांधलेला दुवा अवेळी सुटला आणि तो सत्तर फुटांहून अधिक उंचीवरून चौथऱ्यावर आदळला. सभागृहातील हजारो लोकांपैकी कित्येकांना प्रथम वाटले, हाही खेळाचाच भाग असावा. घरी बसून पाहणाऱ्यांना निवेदकाला वारंवार सांगावे लागले की ही करमणूक नव्हे. हार्टचा मृत्यू झाला. दूरचित्रवाणीवरच्या प्रेक्षकांना ती वार्ता सांगण्यात आली. सभागृहातील प्रेक्षकांना सांगितली गेली नाही, आणि पुढचे खेळ ठरल्याप्रमाणे पार पडले.

श्रोते हो, माझ्या मते या सर्व इतिहासातील सर्वांत भयंकर गोष्ट तो अपघात नव्हे. अपघात कोठेही होतात. भयंकर आहे तो प्रेक्षकांचा संभ्रम. रक्ताची शपथ इतक्या वेळा घेऊन झाली होती की खरा मृत्यू समोर घडला, तेव्हा त्यालाही कोणी साक्षीदार उरला नाही. आमच्या दंगलीत पैलवानाचा हात निखळला तर डफडे थांबे. वाजवणाऱ्याला, पंचाला, कड्यावरच्या पोरालाही ते तत्क्षणी समजे; कारण तिथे पडणे म्हणजे पडणे आणि दुखणे म्हणजे दुखणे, एवढा साधा अर्थ सर्वांनी सांभाळून ठेवलेला होता. 'निकाली' या शब्दाची किंमत इनामापेक्षा मोठी आहे ती यासाठी.

फिलाडेल्फियाची ती कंपनी २००१ साली दिवाळखोरीत निघाली. पुढच्या वर्षांत मोठ्या कंपनीनेही हळूहळू पाऊल मागे घेतले. जाणूनबुजून रक्त काढणे आणि मस्तकावर खुर्ची हाणणे या दोहोंवर तिने बंदी घातली. मेंदूवरच्या आघातांविषयी वैद्यांनी जे सांगितले, ते आता कोणालाही दृष्टिआड करता येण्याजोगे नव्हते. त्या मल्लांविषयी माझ्या मनात तिरस्कार नाही. टेरी फंकच्या गुडघ्यांनी सोसले ते खरेच सोसले, आणि त्या बाराशे माणसांच्या डोळ्यांतील पाणीही खोटे नव्हते. पण ज्या व्यवहारात मनुष्याला आपला खरेपणा सिद्ध करण्यासाठी स्वतःला कापून घ्यावे लागते, त्या व्यवहारात कोठेतरी पूर्वीच मोठी चूक झालेली असते.

त्या रात्रीनंतरची एक हकीकत सांगून आपली रजा घेतो. दुसऱ्या दिवशी दुपारी ते दोघे नातू ओसरीवर गादी टाकून ओट्यावरून तिच्यावर उड्या घेत होते. धाकट्याचे कोपर फुटले. घरात आरडाओरड झाली आणि आता दूरचित्रवाणी बंद होणार असे सर्वांनाच वाटले. आजोबांनी मात्र कोणाला काही म्हटले नाही. ऊन कलल्यावर दोघांना घेऊन ते गावाबाहेरच्या आपल्या शेतात गेले. मीही सोबत होतो. नांगरलेल्या मऊ जागी त्यांनी दोघांना उभे केले, आणि काठीने ढेकूळ फोडीत म्हणाले, "पयले पडाचं कसं ते शिका. मान आत घ्या. पाठीनं माती घ्या."

पुढे मला वाचनात आढळले की अमेरिकेतील त्या चौथऱ्यावरच्या मल्लांचाही पहिला धडा हाच असतो. मान सांभाळून पडणे. म्हणजे मूळ दोघांचे एकच आहे. वाटा पुढे फुटल्या.

धाकटा पडला, उठला, अंगावरची माती झटकू लागला. आजोबा त्याला म्हणाले, "झटकू नको. राहू दे."